डोकं पुढच्या गुडघ्याच्या पुढे: अपरकटनं थांबवलेल्या एका बॉक्सरचं प्रकरण

हे प्रकरण एका तरुण बॉक्सरचं आहे. लाइट वेल्टर वजनगट, ऑर्थोडॉक्स स्टान्स (डावा हात-पाय पुढे, उजवा मागे), उंचीनं गटातल्या बहुतेकांपेक्षा कमी. लांबून जॅबची (पुढच्या हाताच्या सरळ ठोशांची) देवाणघेवाण त्याला परवडत नाही, त्यामुळे जॅबखालून आत शिरायचं, बरगड्यांवर हूक (बाजूनं वळवून मारलेले ठोसे) मारायचे आणि समोरच्याला दोरांशी अडकवून ठेवायचं, अशी त्याची पद्धत बसत गेली. ज्युनियर गटात ती उत्तम चालली. वरिष्ठ गटात आल्यावर एका लढतीत दुसऱ्या फेरीत तो उजव्या अपरकटनं, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशानं, खाली बसला, रेफरीनं आठ आकडे मोजले, तो उठला, आणि त्याच फेरीत पुन्हा तसाच खाली गेला. लढत तिथेच थांबवण्यात आली.

अपरकटनं लढत थांबणं यात नवल नाही. पण एकाच फेरीत, एकाच हाताच्या ठोशानं, जवळजवळ एकाच जागी दोनदा सापडणं हे योगायोगानं होत नाही. समोरच्याला काहीतरी दिसलं होतं आणि ते तिसऱ्यांदाही दिसलं असतं. ते काय होतं, ते शोधायला आणि दुरुस्त करायला बराच काळ गेला. प्रशिक्षक म्हणून मला यातून सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो: अपरकटचा बचाव आपण हातांपासून शिकवायला घेतो, ग्लोव्ह इथे, कोपर तिथे. या मुलाच्या बाबतीत हातांची पाळी शेवटी आली. आधी कंबर, मग नजर, मग पाय. आणि मधल्या टप्प्यावर त्याला स्वतःला अपरकट नीट मारायला शिकावं लागलं, तेव्हाच बचावातली मेख त्याच्या लक्षात आली.

त्या फेरीत काय झालं

लढतीनंतर डोक्याला मार लागून थांबवलेल्या बॉक्सरला सक्तीची विश्रांती असते. हौशी बॉक्सिंगमध्ये ती किमान 30 दिवसांची धरतात, आणि त्या काळात स्पारिंगही (सरावाच्या लढतीही) बंद. डॉक्टरांनी तपासून मोकळं केल्याशिवाय त्याच्या डोक्याला हलका हातसुद्धा लागू द्यायचा नाही, हे आम्ही काटेकोरपणे पाळलं. विश्रांतीचा तो काळ व्हिडिओ बघण्यात गेला.

व्हिडिओ पूर्ण वेगात बघताना एवढंच दिसत होतं की तो आत शिरला आणि ठोसा लागला. सावकाश बघितल्यावर क्रम उलगडला. पहिल्या फेरीत समोरच्या उंच मुलानं खरे जॅब मारले. आपला मुलगा दर वेळी त्यांच्याखालून आपल्या डावीकडे, म्हणजे समोरच्याच्या उजव्या हाताच्या बाजूला, वाकत होता आणि तिथून डावा हूक बरगडीवर मारत होता. दोन-तीनदा तो हूक छान बसलाही. दुसऱ्या फेरीत समोरच्यानं जॅब अर्धवट टाकायला सुरुवात केली. खांदा हलला, ग्लोव्ह थोडा पुढे आला, पण मागचा पाय जागचा हलला नाही आणि उजवा हात गालापाशी तयारच राहिला. म्हणजे तो जॅब लागण्यासाठी नव्हताच. आपला मुलगा ठरल्या जागी खाली गेला आणि तिथे अपरकट आधीच निघालेला होता.

व्हिडिओ थांबवला तेव्हा मुलाचं पहिलं वाक्य होतं, "सर, मला ठोसा दिसलाच नाही."

"दिसेल कसा? तुझी नजर कुठे आहे बघ."

थांबलेल्या चित्रात त्याचा चेहरा खाली होता, डोळे कॅनव्हासकडे. पाठ जमिनीला जवळजवळ समांतर, नितंब मागे राहिलेले, गुडघे जेमतेम वाकलेले आणि डोकं पुढच्या पायाच्या गुडघ्याच्याही पुढे गेलेलं. तो खाली बसत नव्हता, कमरेत वाकत होता.

या एका सवयीतून तीन गोष्टी एकदम होतात आणि त्या तिन्ही अपरकट मारणाऱ्याच्या फायद्याच्या असतात. पहिली नजरेची: चेहरा खाली गेला की समोरच्याचे हात दिसेनासे होतात, आणि न दिसलेल्या ठोशासाठी मान घट्ट होत नाही, दात आवळले जात नाहीत. ठोशानं मेंदूला इजा होते ती मुख्यतः डोकं एकाएकी झटक्यानं फिरल्यामुळे. मान सावध असली तर तो झटका थोडा तरी कमी होतो. दुसरी गोष्ट दिशेची: डोकं खाली-पुढे जात असताना ठोसा खालून वर येतो, त्यामुळे दोघांचे वेग एकमेकांत मिळतात. मागे सरकणाऱ्या डोक्याला लागलेला तोच ठोसा निम्माही वाटत नाही. तिसरी गोष्ट गार्डची, म्हणजे चेहऱ्यापुढे धरलेल्या हातांची, आणि ती मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते, कारण ती आरशासमोर दिसत नाही. ताठ उभं राहिल्यावर दोन्ही हात उभे असतात आणि हनुवटीच्या पुढे व्यवस्थित कवच होतं. त्याच गार्डसकट कमरेतून वाका. हात आता आडवे झाले. समोरून येणाऱ्या ठोशाला ते अजून अडवतात, पण खालून हनुवटीपर्यंतची वाट पूर्ण मोकळी आहे. मुलाला वाटत होतं आपण गार्ड लावून खाली जातोय. गार्ड होतंच, पण ज्या दिशेनं ठोसा येणार त्या दिशेला नव्हतं.

डावीकडे जाणं बंद का केलं नाही

सोपा सल्ला तयार होता: डावीकडे वाकू नकोस, उजवीकडे जा. ऑर्थोडॉक्स बॉक्सरसमोर ऑर्थोडॉक्स उभा असेल तर जॅबच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपल्या उजवीकडे, सरकलं की समोरच्याचा उजवा हात दूर पडतो. आतल्या बाजूला, डावीकडे, गेलं की आपण थेट त्याच हातासमोर येतो. पुस्तकी दृष्टीनं सल्ला बरोबर आहे. पण या मुलाचा सगळ्यात चांगला ठोसा म्हणजे लिव्हरवरचा डावा हूक, आणि तो डावीकडे झुकल्यावरच तयार होतो: वजन डाव्या पायावर येतं, कंबर आवळली जाते आणि तिथून हूक सुटतो. लिव्हर शरीराच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेशी. समोर उभ्या असलेल्याची ती बाजू आपल्या डाव्या हातासमोर येते. डावीकडे जाणं बंद केलं असतं तर अपरकटबरोबर त्याची लढायची पद्धतही गेली असती. तेव्हा जायचं तिथेच, पण वेगळ्या रीतीनं, असं ठरलं.

मुलानं मात्र परत आल्यावर आपल्या मनानं एक उपाय सुरू केला होता. दोन्ही ग्लोव्ह एकमेकांना चिकटवायचे, कोपरं पोटाशी आवळायची आणि डोकं त्या फटीमागे लपवायचं. मार खाल्लेला बॉक्सर हे हमखास करतो. त्याचे दोन तोटे लगेच दिसले. बाजू उघड्या पडल्यामुळे साधे हूक कानशिलावर बसू लागले, आणि कमरेतून वाकल्यावर कोपरं आपसूक फाकत असल्यामुळे अपरकटची वाट बंद झालीच नाही. शिवाय दोन्ही हातांनी चेहरा झाकून नुसतं उभं राहणं हौशी नियमांत निष्क्रिय बचाव ठरतं आणि रेफरी त्यावर टोकतो. समोरच्याच्या पट्ट्याखाली डोकं नेणं हाही फाउलच आहे. त्याच्या जुन्या वाकण्याला या नियमाचा धोका होताच, आणि डोकं डोक्यावर आपटण्याचाही.

कंबर, नजर, पाय

सुरुवात दोरीपासून केली. खांद्याच्या उंचीवर दोरी ताणायची आणि तिच्याखालून डावीकडे-उजवीकडे जात पुढे सरकायचं, हा व्यायाम सगळीकडे होतो. पण दोरीखालून कमरेतून वाकूनही जाता येतं, त्यामुळे दोरीनं ही चूक सुधारत नाही, उलट घट्ट होऊ शकते. म्हणून मी त्याच्यासमोर दोरीच्या पलीकडे उभा राहिलो आणि छातीशी हात धरून बोटं दाखवू लागलो. खाली गेल्यावर, अगदी तळाशी असताना, किती बोटं आहेत ते त्यानं मोठ्यानं सांगायचं. पहिल्या दिवशी त्याचं उत्तर वर आल्यावरच येत होतं, कारण खाली असताना त्याला माझी छाती दिसतच नव्हती. ती दिसण्यासाठी पाठ उभी ठेवावी लागते आणि पाठ उभी ठेवायची तर गुडघे वाकवावेच लागतात. "गुडघे वाकव" असं मी फारसं म्हणालोच नाही. नजर वर ठेवायला लावली आणि गुडघे त्यामागून आले.

नजर छातीवर का, असा प्रश्न येतो. डोळ्यांत बघणारा फसतो, ग्लोव्हकडे बघणारा उशिरा पोचतो. गळ्याच्या हाडापासून छातीच्या मध्यापर्यंत नजर स्थिर ठेवली की दोन्ही खांदे कडेनं दिसत राहतात, आणि अपरकटची खबर खांदाच देतो. हात गालावरून किंचित खाली येतो, त्या बाजूचा खांदा बुडतो, गुडघा मऊ होतो. हूकमध्ये कोपर बाहेर उचललं जातं, सरळ ठोशात खांदा पुढे येतो. अपरकटमध्ये तो आधी खाली जातो. एवढी खूण ओळखता आली की वेळ मिळतो.

दुसरी अट हनुवटीची. हनुवटी आणि छातीच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरून शॅडो बॉक्सिंग (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणं) करण्याचा व्यायाम जुना आहे, आणि कंटाळवाणा असला तरी उपयोगाचा आहे. नजर वर ठेवायला सांगितलं की बॉक्सर हनुवटीही वर उचलतो. हे दोन वेगळे करायला लागतात: हनुवटी आत, डोळे भुवयांखालून वर.

मग वजन. खाली गेल्यावर नाक पुढच्या गुडघ्याच्या पुढे जाता कामा नये, ही आमची एकमेव मोजपट्टी होती. नाक गुडघ्याच्या मागे असलं की वजन दोन्ही पायांत राहतं आणि तिथून मागे, बाजूला, वर, कुठेही जाता येतं. नाक पुढे गेलं की सगळं वजन पुढच्या पायाच्या बोटांवर अडकतं. त्या अवस्थेत अपरकट दिसला तरी काही करता येत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण अपरकट चुकवणं खरं तर सगळ्यात सोपं असतं. तो वर जाणारा ठोसा आहे, त्याची पुढची पोच कमी. डोकं चार बोटं मागे घेतलं तरी तो समोरून निघून जातो. पण मागे जायला मागच्या पायात वजन शिल्लक हवं.

मारणाऱ्याच्या जागेवर उभं राहिल्यावर

इथपर्यंत बोटं मोजता येत होती, दोरी जमत होती, तरी हलक्या स्पारिंगमध्ये दबाव वाढला की तो जुन्या वाकण्यावर जात होता. त्याच्या लेखी ती अजूनही माझी सूचना होती, त्याची स्वतःची गरज झाली नव्हती. तेव्हा बचाव बाजूला ठेवला आणि त्याला अपरकट मारायला शिकवायला घेतला.

त्याचा स्वतःचा अपरकट वाईट होता, कारण आपण बुटके, आपल्याला तो लागत नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं. मी त्याला टोकियोतली 11 फेब्रुवारी 1990 ची लढत दाखवली, माइक टायसन विरुद्ध बस्टर डग्लस. डग्लस उंच आणि लांब हातांचा, टायसन त्याच्यापेक्षा बराच बुटका. आठव्या फेरीच्या शेवटी टायसननं उजव्या अपरकटनं डग्लसला खाली पाडलं. दहाव्या फेरीत डग्लसचा उजवा अपरकट टायसनची मान वर उडवून गेला आणि पाठोपाठ आलेल्या ठोशांनी टायसन व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच खाली पडला, लढतही तिथेच संपली. एकाच लढतीत बुटक्यानं उंचाला आणि उंचानं बुटक्याला तोच ठोसा मारला. उंच बॉक्सर डोकं खाली येण्याची वाट बघतो, बुटका आत शिरून दोन हातांमधून वर मारतो. उंची फक्त वाट बदलते.

उंचानं बुटक्याला कसं पकडावं याचं दुसरं उदाहरण म्हणजे 22 जानेवारी 1973 ला किंग्स्टनमध्ये झालेली जॉर्ज फोरमन आणि जो फ्रेझियर यांची लढत. फ्रेझियर वाकत, झुलत आत येणारा. फोरमननं त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं आणि पहिल्यांदा पाडलं ते उजव्या अपरकटनं. फ्रेझियर तेव्हा अजिंक्य जगज्जेता होता आणि डाव्या हूकसाठी प्रसिद्ध होता. आमच्या मुलानं ही लढत फार मन लावून बघितली, कारण फ्रेझियरची आत येण्याची रीत त्याला स्वतःची वाटली.

आता मारण्याचं तंत्र. त्याच्यात दिसलेले दोष नवशिक्यांचेच होते. हात थेट कमरेपर्यंत खाली नेऊन तिथून झोका देणं, हा पहिला. तो झोका समोरच्याला फेरीच्या सुरुवातीलाच निरोप पाठवल्यासारखा असतो. अपरकट गालापासूनच निघायला हवा. मूठ खाली येते ती फार तर छातीच्या वरच्या भागापर्यंत, आणि तीही हात टाकल्यामुळे नव्हे, गुडघे आणि खांदा किंचित बुडाल्यामुळे. तळहात आपल्या तोंडाकडे, मनगट सरळ, कोपर शरीराजवळ आणि जवळजवळ काटकोनात. ताकद मागच्या पायातून: टाच बाहेर वळते, कंबर फिरते आणि हात त्या फिरण्यावर स्वार होतो. मूठ समोरच्याच्या हनुवटीच्या उंचीशी संपायला हवी. आपला मुलगा ती छताकडे पाठवत होता आणि तिच्याबरोबर स्वतःची हनुवटीही वर उचलत होता.

यात बॅगनं फारशी मदत होत नाही, उलट नुकसान होतं. सरळ उभी लटकणारी बॅग खालून मारायला पृष्ठभागच देत नाही. मूठ तिच्यावर घासत वर जाते, मग बॉक्सर नकळत मागे रेलून मूठ पुढे ढकलतो आणि तेच तंत्र समजून बसतो. त्यामुळे त्याचं सगळं काम पॅडवर झालं. पॅड जमिनीकडे तोंड करून, माझ्या हनुवटीच्या जागी धरलेला, आणि अंतर इतकं कमी की त्याचं कोपर सरळ होऊच शकणार नाही. अर्ध्या हाताच्या अंतराबाहेरून मारलेला अपरकट स्वतःलाच महाग पडतो. उजवा अपरकट मारताना आपली उजवी बाजू उघडी पडते आणि तिथे समोरच्याचा डावा हूक बसतो. डावा अपरकट मारताना डावी बाजू उघडी, तिथे त्याचा उजवा सरळ ठोसा. म्हणून न मारणारा हात गालावर, मारून झाल्यावर मूठ त्याच वाटेनं परत, आणि सुरुवातीला अपरकट कधी एकटा मारायचा नाही. जॅब, उजवा, डावा अपरकट, उजवा. किंवा उजवा अपरकट, डावा हूक. आधीच्या ठोशांनी समोरच्याचं गार्ड वर जातं आणि नंतरच्या ठोशानं आपली उघडी बाजू झाकली जाते.

मारणं जरा वळणावर आल्यावर त्याला उंच मुलाच्या भूमिकेत उभं केलं. समोर जिममधला त्याच्याहूनही बुटका एक मुलगा, त्यानं जॅबखालून आत यायचं. आपल्या मुलानं हलका जॅब दाखवायचा आणि योग्य वाटेल तेव्हा अपरकट, पण अंगाला न लावता, हनुवटीच्या अलीकडे थांबवायचा. काही फेऱ्यांनंतर तो स्वतःहून थांबला.

"सर, हा खाली येतो तेव्हा कधीकधी मला त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसते. तेव्हा हात आपोआप निघतो. चेहरा दिसत राहिला तर नाही निघत, मग तो काय करेल याचा अंदाज येत नाही."

मी विचारलं, "मग त्या लढतीत त्याला तुझं काय दिसत होतं?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. त्यानं हेडगार्ड नीट केलं आणि दुसऱ्या मुलाला सांगितलं की आता जागा बदलू, मी आत येतो. त्या दिवसापासून खाली असताना चेहरा समोर ठेवण्याबद्दल मला त्याला सांगावं लागलं नाही. मारणाऱ्याला काय हवं असतं हे कळल्यावर ते न देण्याची इच्छा त्याच्यात आपोआप आली.

हात, शेवटी

आता कुठे ग्लोव्हची गोष्ट. समोरच्याच्या उजव्या अपरकटसाठी आमच्या मुलाचा डावा हात उभा राहतो, कोपर बरगडीवर, आणि उजवा तळहात हनुवटीच्या खाली जमिनीकडे तोंड करून येतो. ठोसा त्या तळहातात बसतो. तळहात ठोशाला भेटायला खाली जात नाही, हनुवटीशीच थांबतो, कारण खाली गेलेला हात म्हणजे हूकला आमंत्रण. पोटावरच्या अपरकटला तळहात लागत नाही, कोपर पुरतं. कंबर थोडी फिरवली की कोपर आपसूक तिथे येतं.

अडवण्यापेक्षा मला त्याच्यासाठी दुसरे दोन मार्ग जास्त आवडतात. एक, आणखी आत जाणं. छाती छातीला लागली की अपरकटला जागाच उरत नाही. धोका मधल्या अंतरात आहे, जिथे हात अर्धा वाकलेला राहतो. तिथून एकतर बाहेर पडायचं किंवा पूर्ण आत जायचं, मधे रेंगाळायचं नाही. धरून ठेवलं तर रेफरी ताकीद देतो, पण हात मोकळे ठेवून खांदा त्याच्या छातीला लावणं आणि खाली काम करत राहणं चालतं. दोन, डोकं मागे घेऊन अपरकट रिकामा जाऊ देणं. समोरच्याचा उजवा अपरकट हवेत वर गेला की त्याच्या उजव्या बरगड्या पूर्ण उघड्या पडतात, म्हणजे लिव्हर, म्हणजे आमच्या मुलाच्या डाव्या हूकची आवडती जागा. ज्या ठोशानं त्याला पाडलं होतं तोच चुकवला की त्याचा सगळ्यात चांगला ठोसा तयार होतो. हे पहिल्यांदा पॅडवर जमलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. भीतीपोटी केलेला बचाव आणि मारण्यासाठी केलेला बचाव यांत बॉक्सरच्या अंगात दिसणारा फरक मी तेव्हा जवळून पाहिला. खांदे सैल झाले, श्वास चालू राहिला, डोळे मिटले नाहीत.

स्पारिंग टप्प्याटप्प्यानं वाढवलं. आधी समोरच्याला फक्त जॅब आणि उजवा अपरकट, तेही हलक्या हातानं. मग त्यात डावा हूक, म्हणजे फक्त खालची वाट सांभाळून भागणार नाही. मग सगळे ठोसे, पण समोरच्यानं जॅब अर्धवट दाखवून फसवायचं. स्पारिंगला सगळ्यांचे ग्लोव्ह 16 औंसांचे. लढतीत या वजनगटात 10 औंसांचे असतात, तेव्हा एवढा फरक सरावात डोकं वाचवायला हवाच. हेडगार्डही होतं, पण मुलांना हे स्पष्ट सांगितलं होतं की हेडगार्ड भुवई फुटण्यापासून वाचवतं, हनुवटी त्यात उघडीच असते आणि अपरकटपुढे त्याचा भरवसा धरू नये. पुरुषांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय लढतींतून तर ते 2013 मध्येच गेलं. माउथगार्ड मात्र हलक्या फेरीतही तोंडात हवंच. खालून लागलेला ठोसा जीभ दातांत सापडवतो.

एक नियम मी शेवटपर्यंत पाळायला लावला: खाली जिथे गेलास तिथूनच सरळ वर यायचं नाही. डावीकडे गेलास तर हूक मारत वर ये, किंवा उजवीकडून निघ, किंवा डावा पाय बाहेर टाकून कोन बदल. आणि तळाशी थांबायचं नाही. खाली घेतलेला अर्ध्या क्षणाचा विसावा समोरच्याला पुरतो.

पुन्हा रिंगमध्ये

परतल्यानंतरच्या दुसऱ्या लढतीत पुन्हा एक उंच ऑर्थोडॉक्स समोर आला आणि त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी जुना व्हिडिओ पाहिलेला असणार, कारण पहिल्याच मिनिटात अर्धवट जॅब आणि मागे तयार उजवा हात दिसला. पहिला अपरकट तळहातात अडकला. आवाज झाला, पण डोकं हललं नाही. दुसऱ्या फेरीत मुलानं मुद्दाम डावीकडे जाण्याचा भास केला, अपरकट आला, डोकं मागे गेलं आणि डावा हूक बरगडीखाली पूर्ण बसला. समोरचा दोन पावलं मागे गेला आणि नंतर उजवा हात सोडायला कचरू लागला. मला हे त्या हूकपेक्षा मोठं वाटलं. अपरकट मारायला घाबरणाऱ्या उंच बॉक्सरकडे फक्त जॅब उरतो, आणि जॅबखालून जाणं हे तर याचं रोजचं काम.

तिसरी फेरी वेगळी गेली. शेवटच्या मिनिटात पाय थकले आणि तो पुन्हा कमरेतून वाकू लागला. एक उजवा अपरकट लागला. या वेळी त्यानं तो बघितला होता, मान घट्ट होती, त्यामुळे तो डगमगला नाही, पण लागला. निकाल पाच जजांपैकी तिघांनी त्याच्या बाजूनं दिला.

व्हिडिओत ती जागा शोधायला आम्हाला वेळ लागला नाही. गुडघ्यांतून खाली जाणं मांड्यांना महाग पडतं, कमरेतून वाकणं फुकट असतं. दमलेलं शरीर फुकटचा रस्ता धरतं. म्हणजे जे आम्ही तंत्र म्हणून दुरुस्त केलं त्याचा एक भाग दमाचा आहे. दोरीखालचं काम आता तो सरावाच्या सुरुवातीला करत नाही. पॅडच्या सगळ्या फेऱ्या संपल्यावर, मांड्या भरून आलेल्या असताना, बोटं मोजत करतो, आणि एकदा जरी उत्तर वर आल्यावर आलं तर ती फेरी पुन्हा.

दुसरं बाकी राहिलेलं काम साउथपॉचं, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवून लढणाऱ्या बॉक्सरचं, आहे. तिथे मागचा हात डावा, म्हणजे अपरकट उलट बाजूनं येतो, आणि ज्या उजवीकडे सरकणं त्याला आजवर सुरक्षित होतं तीच बाजू आता धोक्याची होते. पुढचे पाय एकमेकांना अडतात, त्यामुळे आत शिरण्याचं अंतरही बदलतं. जिममधल्या एका साउथपॉबरोबर त्याचं पहिल्या टप्प्याचं स्पारिंग सुरू केलंय: समोरून फक्त जॅब आणि डावा अपरकट, हलक्या हातानं.